उचंत खात्यातले कुबेर

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्यागणिक एक काका आहेत. आमच्या जिन्याच्या वाट्याला आलेले काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. अजूनही खिशाला हिरव्या शाईचं पेन असतं आणि किराण्याच्या बिलावर हिरवी खूण पडल्याशिवाय त्यांच्या घरात साखर डब्यात पडत नाही. 2011च्या जूनअखेर चार आण्याचं नाणं चलनातून बाद होणार म्हटल्यावर श्रीखंडाच्या डब्यात साठवलेली सगळी नाणी घेऊन ते बँकेत गेले होते. कॅशियरने ती न मोजताच घ्यायची तयारी दाखवली, तर काकांनी ती त्याला दोनदा मोजायला लावली.

असा हा माणूस गेल्या वर्षी अचानक उदार झाला.

झालं असं, की पुतणीने त्यांना ‘समृद्धीची मानसिकता’ नावाच्या कार्यशाळेला नेलं. पैसा ही ऊर्जा आहे, ती धरून ठेवली की अडते, सोडली की वाहते, असं तिथे दोन तास सांगण्यात आलं. फी 499 रुपये. काकांनी 500ची नोट दिली. टेबलामागची मुलगी गोड हसून म्हणाली, “सर, एक रुपया सुट्टा नाहीये.” काका घरी आले, लाल कापडी बांधणीची नवी चोपडी काढली आणि पहिली नोंद केली : ‘उचंत खाते, रु. 1.’

कुठे टाकावी हे ठरत नाही ती रक्कम हिशेबनीस लोक उचंत खात्यात टाकतात. पण कोणतंही खातं उचंत ठेवून काकांना झोप लागत नाही. आठवड्याभरात त्यांनी पानावर तीन रकाने आखले. गरजवंताकडे राहिले ते पैसे ‘दक्षिणा’. आपल्याच चुकीने गेले ती ‘शिकवणी’. समोरच्याने जाणूनबुजून उकळले ती ‘तक्रार’. पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम त्याच रात्री निर्लेखित करायची आणि झोपायचं. तिसऱ्यातली मात्र वसूल होईपर्यंत जागी ठेवायची.

दक्षिणेचा प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला. शेअर रिक्षातून आम्ही फडके रोडला उतरलो. काकांचे पाच रुपये परत यायचे होते. चालक नेहमीप्रमाणे म्हणाला, “सुट्टे नाहीत काका.” पूर्वी काकांनी त्याला पानवाल्याकडे पिटाळलं असतं आणि मागचे दोन प्रवासी गाडी चुकल्याचे शाप देत बसले असते. या वेळी काकांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, “राहू दे बाळा, भरभराट होवो तुझी.” चालक दचकला. त्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजोबांना काही झालंय का, असा त्याचा चेहरा. सीट उचलून त्याने खालचा डबा काढला आणि पाच रुपयांचं नाणं काकांच्या जोडलेल्या हातांत ठेवून तो निघून गेला. चाळीस वर्षं भांडून जे सुट्टे मिळाले नव्हते, ते आशीर्वादाने मिळाले.

शिकवणीचं उदाहरण एटीएमचं. महिन्यात पाच वेळा फुकट, सहाव्यांदा काढले तर 1 मे 2025पासून 23 रुपये, वर 18 टक्के कर. काका सहाव्यांदा गेले आणि 27 रुपये 14 पैसे कापले गेले. “बँकेचं काय चुकलं? मोजायला मी चुकलो,” असं म्हणून त्यांनी ते शिकवणीत टाकले. चौदा पैसे लिहिताना मात्र पेन जरा जास्त दाबलं गेलं, हे मी पाहिलं.

पण दूधवाल्यापुढे सगळी समृद्धी संपते. पिशवीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त मागितले, की काका दुकानाच्या पायरीवर ठाण मांडतात. दुकानदार म्हणतो, “कूलिंग चार्ज आहे.” काका म्हणतात, “छापील किमतीच्या वर घेणं बेकायदा आहे. लिहून दे, देतो.” तो काही लिहून देत नाही आणि दोन रुपयेही मिळवत नाही. मी एकदा म्हटलं, “काका, पैसा ही ऊर्जा ना? वाहू द्या की.”

“वाहू देतो. पण त्याचा फ्रीज चालवणारी ऊर्जा महावितरणची. तिचं बिल माझ्या नावावर येत नाही.”

31 मार्चला काकांनी मला चहाला बोलावून ताळमेळ दाखवला. दक्षिणा 312, शिकवणी 189 रुपये 14 पैसे, तक्रार 46. वर्षभराच्या सगळ्या किरकिरीची बेरीज 547 रुपये 14 पैसे.

“दोघं मिळून नाटकाला गेलो तरी याहून जास्त लागतात,” काका म्हणाले. “आणि एवढ्या रकमेसाठी मी चाळीस वर्षं हिचं डोकं खाल्लं.”

काकू आतून म्हणाल्या, “ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?”

काका गप्प. ती रक्कम अजून उचंतच असावी.

तेवढ्यात माझी नजर दक्षिणेच्या रकान्यावर गेली. ऑगस्टमधली एक नोंद : ‘शेजारी, रिक्षाभाडे, रु. 20.’ सात महिन्यांपूर्वी उसने घेतलेले ते पैसे मी साफ विसरलो होतो. आणि काकांनी मला गरजवंतांत जमा करून, माझ्या भरभराटीची प्रार्थना करून, शांत झोप घेतली होती.

मी चहा तसाच टाकून घरी गेलो आणि वीस रुपये आणून चोपडीवर ठेवले. काकांचा चेहरा पडला.

“अहो, काय केलंत हे! निर्लेखित रक्कम वसूल झाली, की पुन्हा जमा दाखवावी लागते. सगळं पान बदलावं लागेल.”

तरी त्यांनी नवीन पान घेतलं, हिरव्या शाईने रकाने आखले आणि मला रीतसर पावती फाडून दिली. रेव्हेन्यू स्टॅम्प तेवढा लावला नाही. तो पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच लागतो.