एक हात मोकळा

ओहायोत घर घेतलं तेव्हा बँकेने कर्ज समजावून सांगितलं, विमावाल्याने छप्पर आणि दलालाने आसपासच्या शाळा. गवताविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. ते आपलं कागदपत्रांच्या पाठीमागे निमूट वाढत होतं. एप्रिल सरता सरता चार पाऊस झाले आणि घराभोवतीची एक एकर जागा एकदम आमच्याकडे बघायला लागली. इकडच्या बऱ्याच गावांत गवत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. पण नोटिशीच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांच्या नजरा येतात, आणि त्यांचा दंड कुठल्याच खिडकीवर भरता येत नाही.

ढकलायचं यंत्र एवढ्या जागेला पुरेना, आणि गुडघे तर त्याही आधी थकले. तेव्हा बसून चालवायचं यंत्र घ्यायचं ठरलं, आणि त्या जगात दोन पंथ आहेत हे कळलं. एक ट्रॅक्टरवाल्यांचा: समोर बॉनेट, हातात गोल स्टिअरिंग, पोटाखाली पाती. दुसरा झिरो-टर्नवाल्यांचा: इंजिन पाठीमागे, स्टिअरिंगचा पत्ता नाही, त्याऐवजी दोन्ही बाजूंनी मांड्यांवर झुकलेले दोन दांडे. हे यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं. दोन्ही पंथांत रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार मात्र नसावा. दुकानात एका गृहस्थांनी आपण ‘आजोबांपासून ट्रॅक्टरवाले’ असल्याचं ज्या सुरात सांगितलं, तो सूर मी आजवर फक्त देवस्थानांच्या आवारात ऐकला होता.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझे चुलते, तात्या, अजून रोज शेतावर जातात. व्हिडिओ कॉलवर मी कौतुकाने त्यांना जागा दाखवली. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे.

“बागायत का जिरायत?” त्यांनी विचारलं.

“बागायतच म्हणायची. स्प्रिंकलर आहेत.”

“पीक कसलं?”

“गवत.”

“बरं. कापून कुणाला घालतोस?”

“कुणाला नाही, तात्या. तिथंच टाकतो.”

ते जरा वेळ पडद्यात बघत राहिले. फोन अडकला की काय, असं मला वाटलं. मग म्हणाले, “आरं, मग लावतोस कशाला?”

ज्या माणसाचा जन्म हराळी आणि लव्हाळ्याशी वैर करण्यात गेला, त्याला काय उत्तर द्यायचं? आमच्या घरात खुरपं कधी खुंटीला टांगलेलं राहिलं नाही. पावसाळ्यात भांगलण करून बायकांच्या पाठी मोडायच्या, आणि उपटलेली हराळी बांधावर टाकली तरी चार सरींत पुन्हा हिरवी व्हायची. त्या घराण्यातला मी इथे गवताला खत घालतो, पाणी देतो, त्यात दुसरं काही उगवलं तर औषध मारतो, आणि एवढ्या लाडाने वाढवून दर शनिवारी त्याचा शेंडा उडवतो. शेंडा म्हणजे शेंडाच. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, नाहीतर गवत खचतं, असं इथले जाणकार सांगतात. एवढी हळुवार कापणी आमच्या ज्वारीच्याही वाट्याला आली नाही. आणि हा एकट्या माझा चक्रमपणा नव्हे. नासाच्या संशोधकांनी 2005 मध्ये उपग्रहांच्या मदतीने अंदाज काढला, तेव्हा अमेरिकेतली हिरवळ सुमारे 1 लाख 28 हजार चौरस किलोमीटर भरली. म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून बरीच जास्त. पाण्यावरच्या मक्याला मागे टाकून हे या देशातलं सगळ्यात मोठं बागायती पीक ठरलं. हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

हिरवळीच्या या वेडाचं मूळ शोधायला गेलं तर ते शेतात सापडतच नाही, गिरणीत सापडतं. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळच्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरणारं एक यंत्र असे. ते बघून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटलं, हेच जमिनीवर फिरवलं तर? 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. तोवर हिरवळ ही मेंढरं किंवा विळेवाले पोसू शकणाऱ्या उमरावांची चैन होती. बडिंगने ती तुमच्या-आमच्या गळ्यात घातली. कापडाची ती आठवण गवताने अजून सोडलेली नाही. यंत्र एकदा जाताना आणि एकदा येताना फिरलं की पाती उलटसुलट दिशांना झुकतात, उजेड वेगवेगळा पडतो, आणि फिकट-गडद पट्ट्यांचं लुगडं अंगणात वाळत घातल्यासारखं दिसतं. ते बघायला मी खिडकीशी उभा राहतो. बायको म्हणते, “अहो, उद्या पुन्हा वाढणार आहे ते.” पण लुगडं मात्र सुंदर असतं.

झिरो-टर्नवर बसून बघायला मी गेलो. बसल्यावर दोन मिनिटांत हात ओळखीचे वाटायला लागले, आणि कुणाचे ते आठवेना. मग आठवलं. औतामागे चालताना तात्यांच्या हातात दोन कासरे असत. डावा ओढला की डावा बैल पाय आखडायचा, उजवा चालत राहायचा, आणि औत डावीकडे वळायचं. इथेही मागची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र, डाव्या दांड्याला डावं, उजव्याला उजवं. दोन्ही पुढे लोटले की सरळ, एक मागे घेतला की वळण. एक पुढे आणि एक मागे केला की यंत्र स्वतःभोवती फिरतं, हे तेवढं बैलांना कधी सुचलं नाही. पुढची चाकं हुजऱ्यांसारखी, मालक नेईल तिकडे मान फिरवणारी. सुरुवातीला हात जरा जड पडला आणि यंत्राने मला हिसका दिला. विक्रेता पोरगा धावत आला, “हळू, सर, हळू.”

दुकानामागच्या त्या चाचणीच्या गवतात ठिकठिकाणी वीतभर-दीड वीत गोल उघडी माती दिसत होती. विचारलं तर कळलं की ते नवख्या गिऱ्हाइकांचं काम. जागच्या जागी फिरताना एक चाक जागीच थांबलं, तर ते नुसतं पिळतं, आणि गवत मुळासकट निघतं. म्हणून मुरलेले झिरो-टर्नवाले शून्यात वळतच नाहीत, थोडं पुढे, थोडं मागे घेऊन वळतात. ज्या गुणाचे जास्तीचे पैसे मोजायचे तो जपून, शक्यतो न वापरता ठेवायचा, हे ऐकून मला त्या यंत्राविषयी एकदम घरोबा वाटला.

ट्रॅक्टरची गोष्ट संथ. जॉन डिअर ही मुळात नांगराची कंपनी, तिने आपला पहिला लॉन ट्रॅक्टर 1963 मध्ये काढला. तेव्हापासून त्याच्या स्वभावात फारसा फरक पडलेला नाही. तासाला चार-पाच मैल धावतो, टोकाला पोचला की मोठा वळसा घेतो, झाडाभोवती गवताची एक चंद्रकोर ठेवून जातो. पण तो मागे ओढतो. पानांचा गाडा ओढेल, हिवाळ्यात पुढे फाळ लावला तर बर्फ लोटेल.

आणि ओढण्यावरून अल्विन स्ट्रेट आठवल्याशिवाय राहत नाहीत. आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावचे हे गृहस्थ. 1994 मध्ये त्यांचं वय 73. विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या थोरल्या भावाला पक्षाघाताचा झटका आल्याचं कळलं. यांची नजर अधू, त्यामुळे मोटारीचा परवाना नाही, आणि दुसऱ्याने गाडीतून न्यावं हे मनाला पटेना. मग 1966 सालचा गवत कापायचा ट्रॅक्टर काढला, मागे सामानाचा गाडा जोडला आणि रस्त्याच्या कडेकडेने सुमारे 240 मैल गेले. सहाएक आठवडे लागले. डेव्हिड लिंच यांनी 1999 मध्ये त्यावर ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा चित्रपट केला. झिरो-टर्नवर बसून कुणी भावाला भेटायला गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

शहाण्यासारखं बोलायचं तर आमचा निर्णय उताराने केला. मागची जागा ओढ्याकडे उतरते. झिरो-टर्नची पुढची चाकं मोकळी असतात, त्यामुळे उतारावर मागची चाकं घसरली की वळवणं आणि थांबवणं दोन्ही हातून जातं, आणि खाली पाणी असेल तर तो खेळ जिवाशी आहे. 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर तर कुठलंच बसायचं यंत्र नेऊ नये, असं पुस्तिकांत बजावलेलं असतं. विक्रेत्याला मी हेच कारण सांगितलं.

खरं कारण समोरच्या घरातल्या म्हातारबांनी दिलं, तेही नकळत. त्यांच्याकडे झिरो-टर्न आहे. आमच्याएवढीच जागा ते अर्ध्या तासात उरकतात, आणि उरलेली दुपार गॅरेजचं दार उघडं टाकून, खुर्ची मांडून रस्त्याकडे बघत बसतात. मी पलीकडून हात केला की ते गवत कापता कापता नुसती हनुवटी हलवतात. मला आधी तो ताठा वाटला. स्वतः बसून बघितल्यावर उलगडा झाला. त्या यंत्रावर दोन्ही हात गुंतलेले असतात, एक उचलला की ते वाकडं जातं. आणि इकडे तर बरेच शेजारी एकमेकांना फक्त शनिवारी, यंत्रांच्या घरघरीत, हात हलवण्यापुरतेच भेटतात. आमच्या तात्यांना दोन्ही कासरे डाव्या मुठीत आणि उजवा हात रुमण्यावर ठेवूनसुद्धा बांधावरून जाणाऱ्याला रामराम घालता यायचा. कारण बैल गप्प असायचे.

तेव्हा माझा निकाल असा: जागा सपाट असेल, झाडं आणि वाफे पुष्कळ असतील, शनिवार लवकर मोकळा करायचा असेल, तर बेलाशक झिरो-टर्न घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. उतार असेल, मागे काही ओढायचं असेल किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायची खोड असेल, तर ट्रॅक्टर. आम्ही 42 इंची पट्टा कापणारा ट्रॅक्टर घेतला. मेपलच्या बुंध्यांभोवतीचं गवत अजून हातानेच कापावं लागतं.