पिकअपचा सेल्फ गेलाय हे कसं ओळखावं (आणि शेवटपर्यंत कसं ओळखू नये)

पहाटेचे तीन. मागे वाशी मार्केटची भेंडी भरलेली, कर्जतजवळ कशेळ्याच्या रस्त्यावर पाऊस धो धो, आणि किल्ली फिरवली की बॉनेटखाली नुसतं 'टक्'. घाबरू नका. निदानाला याहून चांगला मुहूर्त नाही.

१. किल्ली पुन्हा फिरवा. दम न घेता फिरवत राहा. अडकलेला सेल्फ शेकडो अँपिअर ओढू शकतो, त्यामुळे धडधाकट बॅटरीही थोड्या वेळात झोपवता येते. आता एकाचे दोन बिघाड झाले. बैठकीला विषय पुरेल.

२. माणसं जमू द्या. एक म्हणेल बॅटरी, दुसरा अर्थिंग, तिसरा डिझेलमध्ये पाणी. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला विशेष मान द्या. त्याचं मत कुठल्याच गॅरेजच्या उधारीला बांधलेलं नसतं. ज्याचा आवाज मोठा, त्याचं निदान पक्कं.

३. हेडलाइट लावून सेल्फ मारून बघू नका. दिवे एकदम मंदावले तर बहुधा बॅटरी किंवा ढिले टर्मिनल. दिवे लख्ख राहून एकच 'टक्' आली तर संशय सोलेनॉइडवर किंवा कार्बन ब्रशवर. सेल्फ घुर्र फिरला पण इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स. एवढ्यात सगळं उरकतं आणि जमलेली मंडळी हिरमुसून घरी जातात. मल्टिमीटर तर काढूच नका. सेल्फ मारताना बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली उतरली तर दोष तिच्याकडे जातो, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाचा अपमान होतो.

४. व्हीलपान्याने सेल्फच्या अंगावर दोन टोले द्या. गाडी सुरू होईल! झिजलेले ब्रश हादऱ्याने कम्युटेटरला टेकतात, म्हणून होते. म्हणजे ब्रश संपत आलेत, हे पाना तुम्हाला स्वच्छ सांगतोय. ऐकू नका. पाना सीटखाली ठेवा आणि क्लीनरला 'टोलेवाला' म्हणून बढती द्या. पगार तोच.

५. टोला चालेनासा झाला की धक्का. यात लाज कसली? हे कर्जत आहे. १८६३ पासून भोर घाट चढणाऱ्या गाड्यांची इथे सोय आहे. सदतिसास एक असा चढ, म्हणून आजही कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. रेल्वे ढकलून घेते, तुमची भेंडी कोण लागून गेली? दुसरा गिअर, किल्ली चालू, वेग आला की क्लच सोडा. गाडी मात्र कायम उतारावर लावा. घर सपाटीला असेल तर घर बदला.

६. नवी बॅटरी घ्या. जुन्या टर्मिनलवर पावसाळ्यात साचलेली हिरवट-पांढरी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुता येते. पण सोडा भज्यांना लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा 'टक्' आली की आणखी एक बॅटरी घ्या. दुकानदार एव्हाना तुम्हाला चहा विचारायला लागला असेल.

७. कुणी सेल्फ उतरवून ब्रश बदलायला सांगितलं, तर समजा गाडी विकायची वेळ आली. गिऱ्हाईक येण्याआधी ती चौक गावाच्या बाजूला एखाद्या उतारावर, इंजिन चालू ठेवूनच उभी करा. जाहिरातीत पहिली ओळ लिहा : बॅटरी नवीन.

ती ओळ खरी आहे.