सूचक मीच, अनुमोदक मीच

मुंबई महापालिकेच्या सभागृहात काय चालते, हे मुंबईकराला पक्के ठाऊक होते : आरडाओरडा, महापौरांच्या आसनासमोर ठिय्या, सभात्याग आणि मग चहा. ७ मार्च २०२२ रोजी मुदत संपली, नगरसेवक घरी गेले आणि आयुक्तच प्रशासक झाले. चार वर्षे कशी शांततेत गेली!

प्रशासकाकडे महासभेचेही अधिकार आणि स्थायी समितीचेही. म्हणजे सकाळी आयुक्तांनी रस्त्याच्या निविदेचा प्रस्ताव स्थायी समितीकडे पाठवायचा. स्थायी समिती म्हणजे तेच. दुपारी त्यांनी खुर्ची जराशी वळवून तो प्रस्ताव गांभीर्याने वाचायचा. हरकतीचा मुद्दा? नाही. उपसूचना? नाही. फेरविचारासाठी परत? कोणाकडे? गणसंख्या पूर्ण, सभा शांत, विषय एकमताने मंजूर. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्पही अतिरिक्त आयुक्तांनी आपल्या साहेबांनाच सादर केला. साहेबांना तो पसंत पडला, हे सांगायला नको.

१८८८च्या कायद्याची मांडणी साधी होती. कारभार आयुक्ताने करायचा, पैसा सभागृहाने मंजूर करायचा आणि जाबही सभागृहानेच विचारायचा. त्या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा मुख्यालयाबाहेरच उभा आहे. आत जाब विचारणारे कोणी उरले नव्हते, एवढाच काय तो फरक.

तशी नगरसेवक ही काही संतांची मांदियाळी नव्हे. बाकडे चार फुटी, त्यावर ‘यांच्या संकल्पनेतून’ साडेतीन फुटी. निविदांमधल्या टक्केवारीची कुजबुज तर जुनीच. (संकल्पना बाकड्यापुढे का जात नाही, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.) पण नळाला गढूळ पाणी आले की हा माणूस शाखेत किंवा नाक्यावर सापडायचा. काम व्हायचेच असे नाही. शिव्या मात्र थेट पोहोचायच्या. प्रशासकाच्या काळात तक्रार क्रमांक मिळू लागला. क्रमांकाला शिव्या घालून मनाचे समाधान होत नाही.

मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे घटना सांगते. इथे २२७ प्रभागांचे २३६ झाले, २३६चे पुन्हा २२७ झाले, आरक्षणाचा वाद कोर्टात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मुदत आखून दिल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. दरम्यान २०२३मध्ये पालकमंत्र्यांनी पालिका मुख्यालयातच दालन थाटले होते. राज्य सरकारला लोकप्रतिनिधींचे वावडे होते, असे कोण म्हणेल?

आता नगरसेवक परतले आहेत. शुभेच्छांचे फ्लेक्स वाचून झाले असतील, तर आपल्या नगरसेवकाला गाठा आणि सभागृहात कोणत्या विषयाला हरकत घेतली, तेवढे विचारा. उत्तर ‘सगळे एकमताने मंजूर’ असे आले, तर त्याच्यापेक्षा प्रशासक स्वस्त पडत होता.