भूकंपाच्या पुढचा बेंदूर

येत्या ३१ मे २०२६ रोजी मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होतोय. हे वाक्य मी गेली बारा वर्षं दुसऱ्यांसाठी टाइप करत आलो. आस्थापना शाखेत असल्यामुळे ऑफिसातलं कोण कधी जाणार हे त्याच्या बायकोच्या आधी मला ठाऊक असायचं. यंदाची यादी काढली तर सहा नावं निघाली, त्यात चौथं माझं. सवयीने पुढे 'सेवापुस्तक तात्काळ मागवावे' असा शेरा मारला आणि मग आठवलं, ते माझ्याच कपाटात आहे.

(ऑफिस कुठलं ते सांगत नाही. अजून तीन महिने काढायचे आहेत आणि पेन्शनही मिळवायची आहे.)

सहापैकी पाच जणांची जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात नोकरी केलेल्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या पिढीत अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असायचं. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे आला की सरकारी कचेऱ्यांतून शाली आणि नारळांची लूट होते. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १ जूनला सगळे सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि केक कोणीच आणत नाही.

माझा जन्म मात्र आईच्या म्हणण्याप्रमाणे 'भूकंपाच्या फुडल्या बेंदराचा'. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणीकंप झाला तेव्हा मी आईच्या पोटात दोन महिन्यांचा होतो. पुढच्या आषाढी पौर्णिमेला, म्हणजे जुलैत, वडील गोठ्यासमोर बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत असताना आतून माझं रडणं ऐकू आलं. वडील तसेच हिंगुळाच्या हातांनी आत आले म्हणे आणि माझ्या कपाळाला लाल बोट लागलं. यापेक्षा पक्का पुरावा माणसाच्या जन्माचा काय असतो?

१९७४ च्या जूनमध्ये आई मला पहिलीत घालायला घेऊन गेली. गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आईने भूकंप, बेंदूर, हिंगूळ सगळं सांगितलं. गुरुजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि लिहिलं, १-६-१९६८. बेंदराची तारीख धरली असती तर पोरगं सहा वर्षांत महिनाभर कमी पडत होतं आणि वर्ष वाया जात होतं. गुरुजी दयाळू होते. त्या सकाळी एका बैठकीत त्यांनी अकरा पोरं जन्माला घातली. सुईणीला जन्मात जमलं नसतं.

त्या दयेची किंमत मी आता मोजतोय. खरा जुलैचा असतो तर ३१ जुलैला गेलो असतो. दोन महिन्यांचा पगार तर गेलाच, पण खरी कळ पुढे आहे. आमची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला मिळते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना कोर्टकचेऱ्या होऊन ती एक वेतनवाढ पेन्शनसाठी पदरात पडली. आम्ही ३१ मेवाले मात्र नळाला पाणी यायच्या महिनाभर आधीच हंडा उचलून चाललो. पेन्शन शेवटच्या पगारावर बसते, म्हणजे ही खोट मरेपर्यंत दर महिन्याला.

तारीख बदलून का घेतली नाही? नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. मी लागलो १९९० साली. तेव्हा बावीस वर्षांचा होतो, निवृत्ती ही दुसऱ्यांना होणारी गोष्ट वाटायची. तरी एकदा कोतवाल बुकाचा उतारा काढला. नोंद सापडली, वडिलांचं नाव होतं, पुढे 'पुत्र' होतं, आणि तारखेचा तेवढा कोपरा वाळवीने खाल्ला होता. दुसरा साक्षीदार तो खिलारी बैल, तो १९७२ च्या दुष्काळात विकलेला. १९९५ ला मुदत संपली. पुढे आस्थापनेत आल्यावर अशा तीन जणांचे अर्ज मी स्वतः 'मुदतबाह्य' म्हणून निकाली काढले. त्यातला एक जण पोळ्याचा होता. त्याच्याकडे बघताना मला जरा कसंतरी झालं होतं, पण नियमात बसत नव्हतं.

बाकी छत्तीस वर्षांचं काय सांगणार? टाइपरायटरवर मराठी तीसचा वेग काढून लागलो, मग संगणक आला, एमएस-सीआयटी झाल्याशिवाय वेतनवाढ नाही म्हणाले, म्हणून पोराच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तेही पास झालो. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

सध्या पेन्शनची कागदपत्रं चालू आहेत. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळखीच्या खुणा असतात. माझ्या पानावर १९९० सालच्या निळ्या शाईत लिहिलंय, 'उजव्या गालावर तीळ'. पेन्शनच्या नमुन्यात पुन्हा खुणा भरायच्या म्हणून आरशात बघितलं, तर तीळ नाही. चष्मा लावून बघितलं. बायकोला बोलावलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, गाल ताणून बघितला, भाजीवाल्याकडे वांगं बघते तसा, आणि म्हणाली, "लग्नात तरी होता का?"

शाखेतली नवी मुलगी हुशार आहे. ती म्हणाली, "सर, तेव्हा कुणीतरी डावा-उजवा चुकला असेल." डाव्या गालावरही नव्हता. शेवटी मानेवर एक सापडला, पण मान म्हणजे गाल नव्हे. महालेखापालांकडून प्रकरण आक्षेपासह परत आलं तर काय घ्या? मी इतक्या लोकांची प्रकरणं अशा तिळावरून परत येताना बघितली आहेत.

मग नवराबायकोचा जोडीने फोटो. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा जवळ सरका." बायको म्हणाली, "आता सरकतातच आहेत, ३१ मेपासून दिवसभर घरात." तिला खरी काळजी तीच आहे. पेन्शनचे चाळीस टक्के विकून एकरकमी पैसे घ्यायचे ठरलंय. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो, हे मी तिला समजावलं. तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षी. तोवर जगायला लागतंय मग. उद्यापासून चहात साखर बंद."

त्यात कॅलेंडर उघडलं तर ३१ मे रविवार. आदल्या दिवशी शनिवार, तोही पाच दिवसांच्या आठवड्यामुळे सुट्टीचा. म्हणजे शाल-श्रीफळ शुक्रवारी २९ तारखेलाच उरकणार, आणि सरकारी सेवेतले अखेरचे दोन दिवस मी घरात बनियनवर बजावणार. कुणी फाइल घेऊन आलंच तर सही करीन.

हे सगळं गावी जाऊन आईला सांगितलं. ती आता थकली आहे, पण तिथीला पक्की.

"मे अखेरीला? आरं, तवा धोंड्याचा म्हयना लागलेला आसतोय. धोंड्यात शुभकार्य करत न्हाईत."

"आई, हे शुभकार्य नाही."

"मग कशाला करतोयस?"

यावर माझ्याकडे नियम नव्हता. मी म्हटलं, गुरुजींनी तारीख तशी लावलीय. तिला गुरुजी आठवले. चांगला माणूस, म्हणाली. मग गप्प बसून तिने काहीतरी मोजलं.

"म्हंजे यंदा बेंदराला घरी आसशील."

खरंच की. छत्तीस वर्षांत बेंदराला मी कधी गावी नव्हतो. त्या सणाची सुट्टी नसते, आणि मी अर्जित रजा साठवणारा माणूस. तीनशे दिवसांच्या वर रजा साठत नाही, ती बुडते, म्हणून बुडण्यापुरतीच घेत आलो. असेन घरी, म्हटलं, पण येऊन करू काय? गोठ्यात आता पोराची मोटारसायकल उभी असते, बैल कुठे आहेत?

आई पदर सावरत उठली. कोनाड्यात हात घालून तिने हिंगुळाची पुडी आहे का ते चाचपून बघितलं.

"नसंनात का," ती म्हणाली. "तुलाच ववाळीन."