नवख्या क्षयजंतूंसाठी भोजनविषयक सूचना

अभिनंदन! कुणाच्या तरी खोकल्यातून उडून तुम्ही फुप्फुसाच्या वायुकोशात पोचलात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशीने तुम्हाला गिळलेही. घाबरू नका. पचवायला म्हणून आत घेतले, असा तिचा समज आहे. आपण मात्र जावयासारखे राहायचे. घाई नको. तुम्हाला एकाचे दोन व्हायला वीसेक तास लागतात. ई. कोलायचे हेच काम वीस मिनिटांत उरकते, पण त्यांची धावपळ त्यांना लखलाभ.

आता जेवणाचे. तुमच्या अंगावर मायकोलिक आम्लांचे जाड, मेणचट कवच आहे. पुष्कळ औषधे त्यावर अडतात, पण जेवणही अडते. ग्लुकोज, ग्लिसरॉल असले पाण्यात विरघळणारे पदार्थ त्यातून आत घ्यायलासुद्धा पीपीई51 सारख्या प्रथिनांचे पाय धरावे लागतात. प्रयोगशाळेत अंड्याच्या लोवेनस्टाइन-जेन्सेन माध्यमावर वाढलेले नातेवाईक ग्लिसरॉलचे गोडवे गातील. तिकडे लक्ष देऊ नका, त्यांना आयते मिळते.

इथले खरे जेवण म्हणजे चरबी. तुमच्या वास्तव्याने पेशीत मेदाचे थेंब साचू लागतात, इतके की सूक्ष्मदर्शकाखाली ती फेसाळ दिसते. ही चरबी आत ओढायला तुमच्याकडे दोन यंत्रे आहेत: मेदाम्लांसाठी एमसीई1 आणि कोलेस्टेरॉलसाठी एमसीई4. रचना नीट समजून घ्या. ए ते एफ अशी सहा वेगवेगळी प्रथिने एकमेकांना बिलगून एक लांब नळी तयार करतात. नळीची आतली बाजू पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे चरबीचा रेणू पाण्याला न शिवता एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाला पोचतो. तळाशी एमसीईजी हे प्रथिन एटीपी जाळून ओढण्याची ताकद पुरवते. माणसांना ही नळी 2023 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपशिलात दिसली. तीसुद्धा तुमची नव्हे, तुमच्या गरीब स्वभावाच्या भावकीतल्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसची. 1993 मध्ये तर ही प्रथिने पेशीत घुसण्यासाठीच असतात असा माणसांचा समज झाला होता. घुसायला कशाला प्रथिने हवीत? गिळायला पेशी तयारच असते की!

या दोन्ही यंत्रांवर लूकए नावाचा एकच मुकादम आहे. तो नसला की मेदाम्लेही बंद आणि कोलेस्टेरॉलही बंद. हे 2017 मध्ये माणसांच्या लक्षात आले आहे, तेव्हा मुकादमाला जपा. एमसीई4 शिवाय सुरुवातीला काही अडत नाही असे नवख्यांना वाटते. 2008 मधला उंदरांवरचा प्रयोग आठवा: एमसीई4 नसलेले आपले भाऊबंद आधी व्यवस्थित वाढले, पण दुखणे जुने झाल्यावर त्यांना तग धरता आला नाही. आपला सगळा धंदा लांबच्या मुक्कामाचा, म्हणून या यंत्राची हेळसांड परवडणार नाही.

एक पथ्य. कोलेस्टेरॉल मोडताना प्रोपिओनिल-सीओए तयार होते आणि ते साचले तर तुम्हालाच बाधते. ते लगोलग कवचातले मेद बनवण्यात खपवा.

लोहाची मात्र मारामार आहे. यजमान ते ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांत बांधून ठेवतो. तुम्ही कार्बॉक्सीमायकोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर पाठवा. तो लोह हिसकावून आणतो. परतल्यावर आयआरटीएबी हे प्रथिन त्याला आत घेते आणि रासायनिक क्रियेने त्याच्याकडचे लोह सोडवून घेते. रिकामा रेणू पुन्हा बाहेर पाठवायचा असतो, आणि त्यासाठी एमएमपीएल4 व एमएमपीएल5 ही दारे आहेत. बाहेर जायची ही वाट बंद झाली, तर तो रेणू आतच साचून तुम्हाला मारतो. लोहाअभावी मरणे एक वेळ समजू शकते. लोह आणणाऱ्यानेच जीव घ्यावा, ही नामुष्की टाळा.

एमएमपीएल5 ची खास बडदास्त ठेवा. बेडाक्विलिन हे औषध आत आले की हेच दार ते बाहेर फेकते. आरव्ही0678 हे जनुक त्याच्यावर लगाम ठेवून असते. त्यात बिघाड झाला की ही दारे जास्त बनतात आणि औषधाचा जोर ओसरतो. असा बिघाड झालेल्या तुमच्या एखाद्या भावंडाची चलती होण्यासाठी यजमान मधेच गोळ्या सोडणारा मिळाला तर उत्तम.

यजमान शेवटच्या दिवसापर्यंत नेमाने सगळ्या गोळ्या घेणारा निघाल्यास वरीलपैकी कोणत्याही सूचनेची हमी आम्ही देत नाही.