इनहेल न करता इनहेलर कसा वापरावा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या बिल क्लिंटन यांनी 1992 साली सांगितले, की इंग्लंडात शिकत असताना गांजा ओढून पाहिला, पण इनहेल केला नाही. लोक अजून हसतात. आपल्याकडच्या दमेकऱ्याने मात्र हसू नये. पंपातले औषध इनहेल न करण्यात त्याने क्लिंटनना केव्हाच मागे टाकले आहे. नवशिक्यांसाठी रीत अशी :

आधी पंप लपवावा. घरात लग्नाची मुलगी असेल तर दमा हा शब्दही उच्चारू नये, ‘जरा कफ आहे’ म्हणावे. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही बरं,’ असे शेजारच्या काकू सांगतात. त्या स्वतः चष्म्याशिवाय जिना उतरत नाहीत, ते सोडा.

आता कृती. पंप हलवू नये. आधी श्वास पूर्ण सोडून छाती रिकामी करू नये. पंप तोंडात धरून दाबावा, फवाऱ्याची चव जिभेवर नीट घ्यावी आणि मग आठवणीने श्वास ओढावा. पंप दाबणे आणि सावकाश श्वास ओढणे एकदमच सुरू झाले, तर औषध थेट श्वासनलिकांत जायची भीती असते. श्वास दहा सेकंद रोखणे हाही तसलाच उपद्व्याप. लगेच सोडावा. डॉक्टरांनी स्पेसर दिला असल्यास तो नातवाला खेळायला द्यावा, कारण त्या नळकांड्यात फवारा क्षणभर थांबतो आणि वेळ चुकली तरी औषध छातीत पोचते. एवढी मेहनत फुकट!

रोटाहेलरमधली भुकटी जोरात ओढावी लागते, कारण ती उडते आपल्याच श्वासाने. म्हणून तिथे हळुवार व्हावे आणि सगळा जोर पंपावर काढावा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. ते या शास्त्रातले आचार्य.

स्टेरॉइडचा रोजचा पंप बरे वाटताच बंद करावा. निळा मात्र उशाशी असू द्यावा. त्याने नळ्या लगेच मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते, आणि आपल्याला सूज कुठे दिसते? स्टेरॉइडनंतर चूळ भरायची नाही, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना ठणकावून सांगावे, ‘औषध नियमित घेतो, गुण नाही.’ ते म्हणतील, ‘माझ्यासमोर घेऊन दाखवा.’ पंप घरी राहिला म्हणावे.