काय म्हणाला तो?

होम थिएटर असलेल्या घरात सिनेमा चालू असताना सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य पडद्यावरच्या कुणाचंच नसतं. ते असतं, "काय म्हणाला तो?" सोफ्याच्या डाव्या टोकानं ते विचारायचं, उजव्यानं उत्तर द्यायचं, आणि त्या भानगडीत पुढची दोन वाक्यं दोघांचीही हुकायची. मग कुणीतरी आवाज वाढवतं. नेमका तेव्हाच पडद्यावर पूल उडतो, खिडकीच्या काचा थरथरतात, खालच्या मजल्यावरचे काका काठीनं छत ठोकतात. रिमोटधारी गृहस्थ घाईघाईनं आवाज खाली आणतो आणि नायक पुन्हा कुजबुजायला लागतो. नाटकाला मागच्या रांगेतून "आवाज!" अशी आरोळी ठोकता येते. स्वतःच्या हॉलमध्ये ती कुणाला ठोकायची?

ती ठोकायची सेंटर स्पीकरला. पुढे तीन, मागे दोन आणि धडधडीसाठी एक सबवूफर, असा हा फाइव्ह पॉइंट वनचा संसार. त्यातले बहुतेक सगळे संवाद पुढच्या तिघांतल्या मधल्याच्या वाट्याला येतात. टीव्हीखाली आडवा पडलेला ठोकळा म्हणजे तोच. त्याची अवस्था ग्रामपंचायतीतल्या ग्रामसेवकासारखी असते. कामं सगळी त्याच्याकडे, फोटोत मात्र सरपंच. पाहुणे आले की आपण उंच टॉवर दाखवतो, सबवूफरवर पूल उडवून दाखवतो. "आणि हा आमचा सेंटर बघा, किती स्वच्छ बोलतो," म्हणणारा यजमान मला अजून भेटायचाय. सेट बनवणाऱ्यांनाही काटकसर कुठे खपते ते बरोबर ठाऊक असतं. आमच्या सेटमधला सेंटर खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा आईनं विचारलं होतं, "हा चार्जर का?"

तर तो बदलायचा ठराव मी मांडला. मंजुरी अर्थातच दुसऱ्या खात्याकडे होती.

"आहे तो बोलतो ना?" हिनं विचारलं.

"बोलतो, पण कळत नाही."

"मग? या घरात कुणाचं कळतं कुणाला?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी इतिहासाला शरण गेलो. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजनं फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तिकडे तीन मायक्रोफोन, इकडे तीन स्पीकर. वाद्यवृंदाचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनला आवाजाच्या बटणांपाशी बसले होते. दोनच स्पीकर असले तर आवाज मधून आल्याचा भास फक्त मधोमध बसलेल्याला होतो. कडेला बसलेल्याला तो त्याच्या जवळच्या स्पीकरमधून येतो. म्हणून तिसरा हवा.

"म्हणजे मुख्य माणूस आपलं काम दुसऱ्यावर टाकून बटणं फिरवत बसला होता," ही म्हणाली. "तुला तो आवडणारच."

पण आमच्या सोफ्यावर मधली जागा आईची आणि दोन्ही टोकं आमची. सेंटर स्पीकर मधल्या माणसासाठी नसतोच, तो असतो कडेच्यांसाठी, हे लक्षात आलं तेव्हा मंजुरी मिळाली. एकूण काय, स्वतःची जागा कुठली हे कळलं की माणसाला शास्त्र पटतं.

पुण्यात अशा कामाला तपकीर गल्ली. दुकानदारानं सेंटर हा शब्द ऐकून घेतला आणि सबवूफर दाखवायला काढला. "साहेब, हा घ्या. भिंत हलेल."

"भिंत घरमालकाची आहे."

"मग तर घ्याच!"

मला याचं नवल वाटतं. आपण संवादांवर जीव टाकणारी माणसं. १९७५ साली 'शोले' आला तो सत्तर एमएमचा पडदा आणि स्टीरिओफोनिक आवाज घेऊन. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. त्याच्या नुसत्या संवादांची रेकॉर्ड निघाली आणि लोकांनी ती गाण्यांसारखी विकत घेऊन वाजवली. थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर त्याच्या मागे उभा असतो, म्हणून शब्द थेट गब्बरच्या तोंडातून आल्यासारखे वाटतात. आज त्याच लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं ओळीनं उभी आहेत, आणि गब्बर तोंडपाठ असलेला माणूस तिथे जाऊन विचारतो, "बेस कसाय?"

सेंटर निवडतानाही एक गोम आहे. बऱ्याच सेंटरमध्ये जाड सुरांचे दोन सारखे वूफर आणि त्यांच्यामध्ये बारीक सुरांचा ट्वीटर असतो. ही मांडणी उभी असते तोवर ठीक. ती आडवी केली की कडेला बसलेल्यापर्यंत दोन वूफरचे आवाज किंचित पुढेमागे पोचतात आणि एकमेकांचे काही स्वर खाऊन टाकतात. म्हणजे जो कडेच्यांसाठी जन्माला आला तो कडेच्यांनाच पातळ आवाज वाढतो. यावर उतारा म्हणजे थ्री-वे सेंटर. त्यात मधोमध ट्वीटर वर आणि बोलण्याचा स्वर सांभाळणारा मिडरेंज त्याच्या खाली असतो. शिवाय तो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला हवा. नाहीतर डावीकडून उजवीकडे धावणाऱ्या गाडीचं इंजिन मध्येच बदलतं.

असा सेंटर घरी आला आणि टीव्ही युनिटचा कप्पा बोटभर बुटका निघाला. सुताराला बोलावलं. त्यानं कप्पा बघितला, स्पीकर बघितला आणि विचारलं, "साहेब, स्पीकर थोडा तासून देऊ का?" शेवटी कप्प्याची फळी निघाली. स्पीकर अगदी कडेपर्यंत पुढे ओढला, कारण आत ढकलला की तो पिंपात बसून बोलतो. गुडघ्यांना उद्देशून बोलू नये म्हणून पुढून रबराचे तुकडे सरकवून त्याचं तोंड कानांकडे वर केलं. एवढी चांगली सपाट जागा पाहून आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरला आणि पितळी गणपती ठेवला. संध्याकाळी खलनायक बोलला की गणपती थरथरायचा. "उलट व्हायला हवं," असं म्हणत आईनंच मूर्ती हलवली.

मग सेटिंग. सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर विचारतो, सेंटर 'लार्ज' की 'स्मॉल'? एवढे पैसे मोजल्यावर 'स्मॉल' म्हणायला जीव धजत नाही. तरी म्हणायचं, म्हणजे साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालची ओझी सबवूफर उचलतो आणि सेंटर मोकळेपणी बोलतो. त्यानंतर सोफ्यावर कानाच्या उंचीला मायक्रोफोन ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि रिसीव्हर चित्रविचित्र आवाज काढून खोली मोजत असताना सगळ्यांनी गप्प बसायचं. यंत्र बनवणाऱ्यांनी ही शांतता गृहीत धरलेली आहे. आमच्याकडे त्या मुहूर्तावर कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक आणि "आता बोललं तर चालेल का?" हा आईचा प्रश्न, असं सगळं खोलीच्या मोजमापात शिरू पाहत होतं. अखेर सगळे झोपल्यावर, खालच्या काकांची आगाऊ माफी मागून, काम उरकलं.

आता शब्द न् शब्द कळतो. त्यामुळे काही आवडते सिनेमे नावडते झाले. इतकी वर्षं जे खोल वाटत होतं ते नुसतं अस्पष्ट होतं. आईचं म्हणणं, मालिका आधीच बऱ्या होत्या.

तरी वाचकहो, दुकानात धावण्याआधी फुकटचे उपाय करून बघा. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलनं वाढवा, त्याला पुढे ओढा, कानांकडे वळवा आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, म्हणजे शब्द खोलीभर घुमत बसणार नाहीत. एवढं करूनही "काय म्हणाला तो?" थांबलं नाही, तर खुशाल पैसे काढा. पण मधला आधी घ्या, मागचे दोन पुढच्या दिवाळीला घ्या आणि सबवूफर अगदी शेवटी. खालचे काका आशीर्वाद देतील, आणि ते काय म्हणाले हेही तुम्हाला ऐकू येईल.